सिमिएच्या टेकडीवरचा मुक्काम

१८९७ सालच्या मार्च महिन्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरात ‘बालमोरलची काउंटेस’ या नावाने ७७ वर्षांची एक वृद्ध स्त्री आपल्या परिवारासह मुक्कामास आली, आणि स्टेशनावरील हमालापासून नगराध्यक्षापर्यंत यच्चयावत लोकांना ही काउंटेस म्हणजे ग्रेट ब्रिटनची राणी व हिंदुस्थानची सम्राज्ञी व्हिक्टोरिया होय हे पक्के ठाऊक असतानाही त्या उसन्या नावाचा मान सर्वांनी आदरपूर्वक राखला. परराष्ट्रात राणी म्हणून पाऊल ठेवायचे तर तोफांच्या सलाम्या, मानवंदना, भेटी आणि परतभेटी यांचे जे लिगाड मागे लागते ते टाळून काही आठवडे उन्हात बसावे, गाढवाच्या लहानशा गाडीतून ऑलिव्हच्या बागांमध्ये हिंडावे, वाटेवरच्या भिकाऱ्यांना आपल्या हाताने नाणी द्यावीत, एवढीच तिची इच्छा होती. परंतु इच्छा साधी असली तरी तिच्यामागचा सरंजाम साधा नव्हता. शेरबूर बंदरापासून नीसपर्यंत धावणारी खास आगगाडी रात्री राणीची झोप मोडू नये म्हणून मंद गतीने हाकली जाई आणि सकाळी तिचा पोशाख होईपर्यंत वाटेत थांबवून ठेवली जाई. तिचा पलंग, टेबल-खुर्च्या, भिंतीवरच्या तसबिरी विंडसरहून आधीच रवाना झालेल्या असत. घोडे, गाड्या, सईस, मुदपाकखान्यातील माणसे, डॉक्टर, सचिव, सख्या, आणि या सर्वांमध्ये आपल्या पागोट्यांनी उठून दिसणारे हिंदी खिदमतगार, असा शंभराच्या आसपास माणसांचा लवाजमा तिच्या दिमतीला असे. ज्या गाढवाच्या गाडीचा वर उल्लेख केला, ते झॅको नावाचे गाढवसुद्धा या लवाजम्यातलेच होते.

हा सारा संसार ज्या इमारतीत उतरला तिचे नाव ‘एक्सेलसिओर रेजिना’. सिमिए ही नीसच्या उत्तरेकडील टेकडी. तिच्या माथ्यावर रोमन काळातील रंगमंडलाचे भग्नावशेष आहेत, फ्रान्सिस्कन साधूंचा जुना मठ आहे, आणि तेथून खाली पाहिले असता लाल कौलांच्या पलीकडे समुद्राची निळी रेघ दिसते. १८८० नंतर ‘क्रेदी लिओने’ या पेढीचा संस्थापक आंरी जेर्मँ याने या टेकडीवरच्या जमिनी घेऊन तेथे रुंद रस्ता काढला, व्हेझुबी नदीचे पाणी कालव्याने शहरात आले, आणि ऑलिव्हच्या बागांच्या जागी एकामागून एक प्रासाद उभे राहू लागले. १८९५ आणि १८९६ या दोन्ही वर्षी राणी तेथल्याच ‘ग्रांद ओतेल’मध्ये उतरली होती, ती पुन्हा येईल या भरवशावर वास्तुशिल्पी बियाझिनी याने सुमारे ४०० खोल्यांची ही नवी वास्तू रचली, तिची पश्चिमेकडील बाजू राणीच्या बिऱ्हाडासाठी राखून ठेवली आणि त्या बाजूच्या शिखरावर लोखंडी कामाचा मुकुट बसविला. विजेचे दिवे, वर-खाली नेणारे पाळणे, नळ्यांतून खेळणारी उष्णता, या गोष्टी त्या काळी राजवाड्यांतही सर्रास नव्हत्या. विंडसरचे थंडगार दगडी वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे पटेल, की देहाच्या सुखाचा विचार केला तर इंग्लंडची राणी स्वतःच्या घरी जितकी सुखात होती त्याहून एका भाड्याच्या इमारतीत अधिक सुखात होती.

भाड्याच्या या सुखावर मनुष्याचा हक्क मोठा विलक्षण असतो. तो वंशपरंपरेने येत नाही, सनदेने मिळत नाही, पैसा मोजला म्हणजे मिळतो असे वरकरणी दिसते. परंतु नीसच्या हॉटेलांचा शे-दीडशे वर्षांचा वृत्तांत बारकाईने पाहिला तर पैशाच्या अलीकडे आणि पलीकडे आणखी एक गोष्ट उभी असलेली दिसते, ती म्हणजे दार. कोणासाठी उघडावे आणि कोणाच्या तोंडावर लावावे याचा निर्णय प्रत्येक पिढीने निराळा केला, आणि त्या निर्णयांमधून या शहराचे खरे चरित्र घडले. राणीच्या १८९७ च्या मुक्कामात हा प्रश्न इतक्या तीव्रतेने पुढे आला, आणि त्यात पुण्याचे एक गृहस्थ असे अनपेक्षितपणे सापडले, की मराठी वाचकाने ती हकिकत समजून घेणे मला अगत्याचे वाटते. तत्पूर्वी, हे दार मुळात कोणासाठी बसविले गेले ते पाहणे आवश्यक आहे.

नीस हे १८६० पर्यंत फ्रान्समध्ये नव्हतेच. ते सार्डिनियाच्या राजाकडे होते, गॅरिबाल्डीचा जन्म तेथलाच, आणि इटलीच्या युद्धातील साहाय्याचा मोबदला म्हणून त्या वर्षीच्या मार्चमध्ये तुरिन येथे झालेल्या तहाने ते तिसऱ्या नेपोलियनच्या पदरात पडले. परंतु परदेशी पाहुण्यांची रीघ त्यापूर्वी शंभर वर्षे सुरू झालेली होती. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश कादंबरीकार व वैद्य १७६३ मध्ये छातीच्या विकाराने जर्जर होऊन येथे आला, आणि पुढच्या वर्षी त्याने समुद्रात स्नान करण्यास आरंभ केला तेव्हा येथले रहिवासी व वैद्य चकित झाले. समुद्र ही कोळ्यांची आणि खलाशांची जागा, आजारी भद्र मनुष्याने त्यात उतरावे ही कल्पनाच त्यांना सोसेना. त्याच्या प्रवासवर्णनाने नीसची कीर्ती इंग्लंडात पसरली खरी, पण त्याच्यामागून जे इंग्रज आले ते समुद्रात शिरण्यासाठी आले नाहीत. ते उन्हासाठी आले. आल्प्स पर्वताने उत्तरेचे वारे अडविल्यामुळे डिसेंबर-जानेवारीतही जेथे संत्री पिकतात त्या भूमीत क्षयी फुप्फुसांना आराम पडेल, असा त्या काळच्या वैद्यकाचा सिद्धांत होता, आणि लंडनचे धन्वंतरी ज्यांना दुसरे औषध देऊ शकत नव्हते त्यांना नीस लिहून देत होते. १८२० च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने संत्र्यांची झाडे जळाली आणि काम गेलेले मजूर भिकेला लागले, तेव्हा लुईस वे नावाच्या इंग्रज पाद्र्याने वर्गणी जमवून त्यांच्याकडून किनाऱ्यालगत एक पायवाट बांधवून घेतली. आज जगप्रसिद्ध असलेल्या ‘प्रोमनाद देझ आंग्ले’ या राजमार्गाचा उगम त्या दुष्काळी कामात आहे.

१८६४ मध्ये आगगाडी नीसला पोचली आणि त्याच साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर त्या नव्या मार्गाने तेथे आला. पुढल्या वर्षी त्याचा तरुण युवराज निकोलस तेथेच मृत्यू पावला, आणि ज्या वाड्यात तो गेला त्या जागी त्याच्या स्मरणार्थ प्रार्थनामंदिर व पुढे शेजारीच १९१२ मध्ये पाच घुमटांचे रशियन देवालय उभे राहिले. नीसला आरोग्यधाम म्हणणाऱ्यांच्या कल्पनेतील आणि तेथल्या स्मशानभूमीतील अंतर फार थोडे होते, ही गोष्ट त्या काळच्या वैभवाच्या वर्णनांतून सहसा वगळली जाते. परंतु सिमिए काय किंवा शेजारचे मांतों काय, तेथील थडग्यांवर विशीतल्या आणि तिशीतल्या तरुणांची नावे ज्या संख्येने कोरलेली आहेत ती पाहिली म्हणजे हॉटेलांच्या दक्षिणाभिमुख गच्च्यांचा अर्थ निराळाच जाणवू लागतो. कारण त्या हॉटेलांची सारी रचना उन्हाच्या हिशेबाने झालेली होती. दक्षिणेकडील खोली म्हणजे जीविताची आशा, आणि तिचे भाडे त्या मानाने जबर. उत्तरेकडील खोली स्वस्त, पण तिच्यात हिवाळाभर ऊन येत नसे. फ्रीड्रिख नीत्शे या तत्त्वज्ञाने १८८३ पासून १८८८ पर्यंतचे हिवाळे नीसमध्ये काढले, ‘झरथुष्ट्रा’चा तिसरा भाग तेथे लिहिला, पण तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या त्या विद्वानाला बहुधा स्वस्त खोल्यांतच दिवस काढावे लागले, शेकोटीवाचून लिहिताना थंडीने बोटे निळी पडतात अशी त्याची पत्रांतून तक्रार आहे. १८८७ च्या फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या रात्रीनंतरच्या पहाटे, या किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला, तेव्हा महागड्या आणि स्वस्त दोन्ही खोल्यांतली माणसे रात्रीच्या वस्त्रांनिशी एकाच रस्त्यावर आली.

ऑक्टोबरात हॉटेले उघडत आणि एप्रिल सरताच बंद होत; मग झडपा लागत, गालिचे गुंडाळले जात, आणि स्वयंपाकी, वाढपी, दारवान, कपडे धुणाऱ्या बाया, हा सारा शागिर्दपेशा स्वित्झर्लंडच्या किंवा आल्प्समधल्या उन्हाळी हॉटेलांकडे चालू लागे, जसे आपल्याकडे सुगीच्या मागोमाग मजुरांचे तांडे गावोगाव सरकतात. ही माणसे बहुतांशी इटलीच्या पीडमाँटमधून आलेली गरीब शेतकरी कुळातली असत. पाहुण्याच्या न्हाणीघरात सकाळी ऊन पाणी यावे म्हणून तळघरातल्या भट्टीवर मध्यरात्रीपासून कोळसा ओढणारे हात त्यांचे होते. त्यांच्यासाठी जिने निराळे, दारे निराळी, आणि राहण्याच्या खोल्या छपराखालच्या, जेथे दक्षिण-उत्तर हा प्रश्नच नव्हता.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचे जंतू शोधून काढले, आणि हा रोग संसर्गजन्य आहे हे सिद्ध होताच जे दार क्षयी माणसांसाठी बसविले गेले होते ते त्यांच्याच तोंडावर लागू लागले. निरोगी धनिकांना खोकणारा शेजारी नको होता. हॉटेलवाल्यांना धनिक हवे होते. रोग्यांनी या शहराला नाव मिळवून दिले, त्यांच्या पैशावर पहिल्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तेच रोगी आता नाव लपवून, खोकला दाबून राहू लागले, ही कृतघ्नता मला त्या काळाच्या सर्व झगमगाटाहून अधिक स्मरणीय वाटते. आंतोन चेखव हा रशियन लेखक स्वतः डॉक्टर, स्वतः क्षयी. १८९७ च्या ऑक्टोबरात तो नीसला आला तो गुनो रस्त्यावरील ‘पांसिओं र्‍यूस’ नावाच्या साध्या खानावळवजा बिऱ्हाडात उतरला, जेथे मालकीण रशियन, स्वयंपाकीण रशियन, पाहुणेही बहुतेक रशियन, आणि एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करणे हा ज्यांच्या संभाषणाचा नित्याचा आरंभ. पुढच्या जानेवारीत फ्रेंच कादंबरीकार झोलाने खोट्या आरोपावर शिक्षा झालेल्या ज्यू सेनाधिकारी ड्रायफसच्या कैवारासाठी आपले प्रसिद्ध पत्र छापले तेव्हा चेखव त्याच खोलीत फ्रेंच वर्तमानपत्रे वाचीत होता. आणि त्या वसंतात राणी पुन्हा सिमिएला आली तेव्हा टेकडीच्या माथ्यावर ती आणि पायथ्याशी तो, असे दोघे एकाच उन्हाचे भाडेकरी होते.

आता १८९७ च्या हकिकतीकडे वळू. राणीच्या हिंदी नोकरांपैकी अब्दुल करीम हा १८८७ मध्ये, राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, आग्र्याहून जेवणाच्या टेबलाजवळ उभे राहण्यासाठी आलेला तरुण. वर्ष-दोन वर्षांत तो राणीला हिंदुस्थानी शिकविणारा मुनशी झाला, राणी त्याच्या देखरेखीखाली हिंदुस्थानीत रोजनिशी लिहू लागली, आणि पुढे तो तिच्या हिंदी पत्रव्यवहाराचा सचिव म्हणून ओळखला जाऊ लागला. मुनशी निर्दोष होता असे नव्हे. त्याला मानाची हाव होती, इतर हिंदी नोकरांवर तो रुबाब करी, आणि आपला बाप मोठा सर्जन आहे असे त्याने भासविले होते, तो प्रत्यक्षात आग्र्याच्या तुरुंगाच्या दवाखान्यात साधा हुद्देदार निघाला. परंतु दरबारी मंडळींच्या रागाचे मूळ या दोषांत नव्हते. तसले दोष त्यांच्या स्वतःच्या वर्गात काही दुर्मीळ नव्हते. टेबलाजवळ उभा राहणारा काळा मनुष्य टेबलाशी बसू लागला, हे त्यांना सोसत नव्हते. विंडसरसारख्या अवाढव्य वाड्यात हा प्रश्न टाळता येई, कारण तेथे अंतर राखण्यास जागा होती. हॉटेलात ती नव्हती. सिमिएला राणीचे बिऱ्हाड कितीही प्रशस्त असले तरी परिवारातील मानकऱ्यांची पंगत एकच, आणि मुनशी बरोबर आला म्हणजे तो त्याच पंगतीत बसणार.

म्हणून निघण्यापूर्वीच सर्वांनी एकजूट केली आणि हॅरिएट फिप्स या राणीच्या सखीवर निरोप सांगण्याचे काम सोपविले: एक तर मुनशी जाईल, नाही तर आम्ही जाऊ. हे ऐकताच राणीने संतापाच्या भरात आपल्या टेबलावरील सर्व वस्तू एका हाताने जमिनीवर लोटून दिल्या अशी हकिकत परिवारातल्या माणसांनी सांगितलेली आहे. मुख्य प्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांना मध्ये पडावे लागले. फ्रेंच लोकांना मुनशीचा दर्जा कळणार नाही, ते कदाचित त्याचा उपमर्द करतील, असे त्यांनी राणीला सुचविले. ज्या अपमानाची तयारी तिच्या स्वतःच्या दिवाणखान्यात चालू होती तो असा परक्यांच्या माथी मारण्यात आला. तरीही मुनशी सिमिएला पोचलाच, आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे स्नेही मौलवी रफिउद्दीन अहमद हेही तेथे आले.

हे रफिउद्दीन अहमद पुण्याचे. डेक्कन कॉलेजात शिकून ते विलायतेस गेले, बॅरिस्टर झाले, लंडनमधील मासिकांतून लिहू लागले. राणीच्या हिंदुस्थानी रोजनिशीची ओळख इंग्रज वाचकांना १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून करून दिली ती त्यांनीच. मुसलमानांच्या राजकीय हितासाठी झटणाऱ्या लंडनमधल्या एका संस्थेशी त्यांचा संबंध होता, आणि तुर्कस्तान व ग्रीस यांच्यात युद्धाचे ढग जमलेल्या त्या वसंतात तेवढा संबंध संशयास पुरेसा ठरला. मुनशीच्या हाती पडणारे सरकारी कागद यांच्यामार्फत बाहेर फुटतात अशी कुजबुज होती. तिचा पुरावा तेव्हा कोणी दिला नाही आणि पुढेही मिळाला नाही. राणीचे खासगी सचिव सर आर्थर बिग यांनी रफिउद्दीन यांना दोन दिवसांच्या आत निघून जाण्यास सांगितले, आणि ते गेले. उच्चशिक्षित, कायदा जाणणारा, इंग्रजी लेखणीवर प्रभुत्व असलेला हा पुणेकर ४०० खोल्यांच्या त्या प्रासादात नको झाला. राणीने हे सहजी गिळले नाही. रफिउद्दीन यांच्यावरचा अन्याय दूर व्हावा म्हणून तिने सॅलिसबरींकडे लकडा लावला, परिवाराला वंशद्वेषी म्हणून सुनावले, आपले डॉक्टर रीड यांच्याशी याच मुक्कामात तिच्या अश्रुपाताचे प्रसंग झाले. जिच्या नावाने अर्धे जग चालत होते तिला आपल्या पंगतीला कोण बसेल हे ठरविता येत नव्हते, हे पाहून मन थक्क होते. पुढे हेच रफिउद्दीन मुंबई इलाख्याच्या सरकारात मंत्री झाले आणि त्यांना सर हा किताब मिळाला, ही गोष्ट सिमिएच्या त्या दोन दिवसांशेजारी ठेवून पाहिली पाहिजे.

परंतु राणीच्या या मुक्कामाच्या काळात पुण्यात काय चालले होते? मार्च १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती प्लेगचा बंदोबस्त आला होता, आणि गोरे शिपाई शहरातील घराघरांत शिरून तपासणी करीत होते. देवघरे आणि माजघरे यांचा विधिनिषेध उरला नाही, बायकामाणसांना रस्त्यावर उभे करण्यात येत होते, सामान जाळले जात होते, अशा तक्रारी ‘केसरी’तून आणि अर्जांतून एकसारख्या येत होत्या. रोगाचा प्रतिकार आवश्यक होता हे कोणीही नाकारीत नाही. तथापि एका टेकडीवर हिंदुस्थानच्या सम्राज्ञीच्या झोपेसाठी आगगाडी हळू चालत होती, तिच्या दाराशी पहारा होता, कोणाचे पाऊल आत पडावे याची चर्चा प्रधानापर्यंत जात होती. आणि तिच्याच राज्यात कसबा, बुधवार, शनिवार या पेठांतल्या रयतेच्या दाराला दाराचा दर्जा राहिला नव्हता. सिमिएच्या रोजनिशीत फुलांचे, सूर्यास्ताचे आणि गाढवाच्या गाडीचे उल्लेख आहेत. सम्राज्ञी निर्दय होती असे मी म्हणणार नाही. मुनशीसाठी तिने जे सोसले ते तिच्या हृदयाची साक्ष देते. पण तिच्या करुणेला दिसण्यासाठी मनुष्य समोर असावा लागे, आणि पुणे समोर नव्हते. २२ जूनच्या रात्री, तिच्याच हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतून परतताना, रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकरांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा ते तिला दिसले.

सिमिएच्या याच मुक्कामात सारा बर्नार्ड या नटश्रेष्ठ स्त्रीनेही रेजिनाच्या दिवाणखान्यात राणीपुढे एक छोटे नाटक केले. तिच्या खासगी चारित्र्यामुळे राणीने आरंभी आढेवेढे घेतले होते. प्रयोग संपल्यावर मात्र तिने तिला जवळ बोलावून तिचा गौरव केला. पुढल्या वर्षी, आपल्या पहिल्या युरोपप्रवासात, इस्माइली पंथाचे प्रमुख, वीस वर्षांचे तरुण आगाखान या किनाऱ्यावर आले. मुंबईच्या प्लेगात लोकांची भीती जावी म्हणून हाफकिनची लस त्यांनी स्वतःला टोचून घेतली होती, त्याला फार दिवस झाले नव्हते. राणीचे हिंदी नोकर त्यांनी पाहिले आणि हिंदुस्थानातील उत्तम खानदानी सेवकांच्या मानाने ही माणसे अगदीच सामान्य आहेत असे त्यांचे मत झाले. म्हणजे मुनशीच्या वाट्याला गोऱ्यांचा तिरस्कार आला तसा आपल्याकडच्या सरदारांचाही आला.

१८९९ चा मुक्काम शेवटचा. पुढल्या वर्षी बोअर युद्धामुळे फ्रान्समध्ये इंग्रजांविरुद्ध क्षोभ उसळला आणि राणीने नीसऐवजी आयर्लंड गाठले. १९०१ च्या जानेवारीत ती निवर्तली, नव्या राजाने मुनशीजवळची तिची पत्रे जाळविली, आणि मुनशी १९०९ मध्ये आग्र्यास वारला. रेजिनापुढे राणीचा पुतळा १९१२ मध्ये बसला. तोवर नीसचे केंद्र टेकडीवरून खाली समुद्राकडे सरकू लागले होते. बुखारेस्टहून आलेल्या आंरी नेग्रेस्को नावाच्या माणसाने, जो स्वतः वाढप्याच्या पेशातून वर चढला होता, मोटारींचे कारखानदार दाराक यांच्या भांडवलावर आणि वास्तुशिल्पी निएरमान्स याच्या आराखड्याने, प्रोमनादवर गुलाबी घुमटाचे हॉटेल १९१३ मध्ये उघडले. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले, हॉटेलाचे रुग्णालय झाले, आणि ज्या बिछान्यांवर राजेरजवाडे झोपावेत अशी योजना होती त्यांवर खंदकांतून आणलेले सैनिक पडले. युद्ध संपले तेव्हा नेग्रेस्को धुळीस मिळाला होता. १९२० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो गेला. त्याच्या हॉटेलाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या जखमी सैनिकांतील शेतकऱ्यांपैकी एकालाही एरवी तेथे पाय ठेवता आला नसता.

पुढे काळ झपाट्याने पालटला. क्रांतीने देशोधडीस लागलेले अनेक रशियन उमराव जेथे पूर्वी पाहुणे म्हणून उतरत त्याच शहरात मोटारी हाकू लागले. उन्हाळ्यात समुद्रस्नान करणे ही नवी रीत अमेरिकनांनी आणली. १९३१ पासून हॉटेले उन्हाळ्यातही उघडी राहू लागली, आणि १९३६ मध्ये फ्रान्सच्या कामगारांना पगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाला तेव्हा ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशी कुटुंबे या किनाऱ्यावर आली.

यानंतरचे प्रकरण लिहिताना लेखणी जड होते. स्टेशनाजवळ, द्युरांत रस्त्यावर, ‘एक्सेलसिओर’ याच नावाचे दुसरे एक मध्यम प्रतीचे हॉटेल होते. सिमिएच्या रेजिनाशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धात नोव्हेंबर १९४२ पासून नीस इटालियन सैन्याच्या ताब्यात होते, आणि इटालियन अधिकारी ज्यूंना पकडून देण्यास राजी नसल्यामुळे हजारो ज्यू निर्वासित तेथे येऊन हॉटेलांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून राहिले होते. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली, आणि दोनच दिवसांत आलोइस ब्रुनर हा नाझी अधिकारी आपल्या तुकडीसह नीसमध्ये दाखल झाला. त्याने आपले ठाणे एक्सेलसिओरमध्ये मांडले. निर्वासित हॉटेलांत राहात असल्यामुळे त्यांना शोधणे सोपे गेले: पाहुण्यांच्या नोंदवह्या समोर होत्या, मजल्यामागून मजले झडले जात होते. पकडलेल्यांना एक्सेलसिओरच्या खोल्यांतून कोंडून ठेवीत, आणि जवळच्याच स्टेशनातून ड्रान्सीच्या छावणीकडे आणि तेथून ऑशविट्झकडे पाठवीत. स्टेशनाजवळ असणे ही त्या हॉटेलाची मूळची सोय या कामी आली. १९४४ च्या मार्चअखेर, शालान्त परीक्षा देऊन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, सिमोन जाकोब नावाची सोळा वर्षांची मुलगी रस्त्यात पकडली गेली आणि याच हॉटेलात आणली गेली. तिची आई, बहीण आणि भाऊ यांनाही तेथेच आणण्यात आले. आई परत आली नाही, भाऊ आणि वडील परत आले नाहीत. सिमोन परत आली, आणि सिमोन व्हेल या नावाने १९७४ मध्ये फ्रान्सची आरोग्यमंत्री व १९७९ मध्ये युरोपीय संसदेची अध्यक्षा झाली. नीसमध्ये मुक्काम केलेल्या सर्व मुकुटधारी पाहुण्यांची नावे एकीकडे आणि हे एक नाव दुसरीकडे ठेवले, तर मी या नावाजवळ अधिक वेळ थांबेन.

रेजिनाचे पुढे काय झाले? मंदीच्या लाटेत ते हॉटेल बुडाले, बंद पडले, आणि त्याच्या खोल्या तोडून-जोडून विकत घेण्याजोगी बिऱ्हाडे पाडण्यात आली. १९३८ मध्ये त्यांतले एक आंरी मातिस या चित्रकाराने घेतले. मातिस १९१७ मध्ये पावसाळी डिसेंबरात नीसला आला तो समुद्रासमोरच्या एका हॉटेलात उतरला, आणि पुढली काही वर्षे हॉटेलांच्या खोल्यांतूनच त्याने खिडक्या, झडपा आणि त्यांतून येणारा प्रकाश चितारला. १९४१ मधल्या जीवघेण्या शस्त्रक्रियेनंतर तो बहुतेक पलंगाला खिळला. १९४३ मध्ये सिमिएवर बाँब पडू लागल्यावर तो व्हांस या डोंगरगावी गेला, पण १९४९ मध्ये रेजिनात परतला, आणि व्हांसच्या जोगिणींसाठी जे प्रार्थनामंदिर तो रचीत होता त्याच्या भिंतींचे आराखडे याच घराच्या भिंतींवर त्याने मंदिराच्या मापाने उतरविले, कारण त्याची मोठी खोली जवळजवळ त्या मंदिराएवढी होती. उभे राहणे अवघड, म्हणून लांब बांबूच्या टोकाला कोळशाची कांडी बांधून तो खुर्चीतून किंवा अंथरुणातून रेषा काढी. १९५० मध्ये त्याच बांबूने त्याने आपल्या पलंगावरच्या उंच छतावर तीन नातवंडांचे चेहरे काढले, झोपल्या झोपल्या ती दिसावीत म्हणून. आणि १९५४ च्या नोव्हेंबरात त्याचा अंत झाला तोही रेजिनातच.